चित्रातली आई जर्मन, डोळे पाणावले चीनमध्ये: परक्याचं दुःख चित्रातून आपल्यापर्यंत पोचतं तरी कसं?

सप्टेंबर १९३१. चीनमधल्या शांघाय शहरात एका नव्या मासिकाचा पहिला अंक निघाला. मासिकाचं नाव ‘बेइदोऊ’, म्हणजे आपल्याकडचे सप्तर्षी. त्या अंकात एक परदेशी चित्र छापलं होतं. अंगावर धड वस्त्र नसलेली एक बाई. डोळे मिटलेले. दोन्ही हातांनी तिनं आपलं तान्हं बाळ पुढे धरलंय, जणू कुणाला तरी देऊन टाकतेय. काळ्यावर पांढरं, बस्स. मागे घर नाही, झाड नाही, गाव नाही.

चित्र एका जर्मन बाईनं काढलेलं होतं. चीनशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मग ते तिथं आलं कसं?

तर झालं असं होतं, की त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला रोउ शी नावाच्या तरुण लेखकाला सरकारनं इतर कार्यकर्त्यांसोबत गोळ्या घालून ठार केलं होतं. रोउ शीची आई म्हातारी होती, तिची दृष्टी गेली होती, आणि मुलाचं काय झालं हे तिला कळलेलंही नव्हतं. आधुनिक चिनी साहित्याचा जनक मानला जाणारा लू शुन हा रोउ शीचा मित्र आणि वडीलधारा. उघडपणे मृत्युलेख लिहिण्याची सोय नव्हती. लिहिला असता तर पुढचा नंबर त्याचाच. मग त्यानं काय केलं, तर हे चित्र निवडलं आणि ते छापायला दिलं. ही आपण रोउ शीला वाहिलेली मूक श्रद्धांजली होती, हे त्यानं दोन वर्षांनी एका लेखात सांगितलं.

म्हणजे एका जर्मन आईचं चित्र एका आंधळ्या चिनी आईसाठी छापलं गेलं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटल्या असत्या तरी एक शब्द बोलता आला नसता.

असं का होतं? मोबाईलवर दिवसातून पन्नास दुःखद बातम्या आपल्या बोटाखालून सरकतात आणि आपण जेवायला बसतो. मग शंभर वर्षांपूर्वीचं एखादं काळं-पांढरं चित्र माणसाला जागच्या जागी का थांबवतं?

आधी ही बाई कोण ते पाहू

चित्रकर्तीचं नाव केथे कोल्विट्झ. जन्म १८६७ चा. नवरा कार्ल डॉक्टर, आणि दवाखाना बर्लिनच्या कामगार वस्तीत. खोकणारी पोरं, सुजलेले पाय, बाळंतपणानं खंगलेल्या बाया हे सगळं केथेच्या दारातच होतं. तिनं तेच काढलं. विणकरांच्या उठावावरची तिची चित्रमालिका १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, परीक्षकांनी सुवर्णपदकासाठी शिफारस केली आणि सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा यानं पदक द्यायला नकार दिला. राजेलोकांना गरिबांची चित्रं भिंतीवर नको असतात, ही गोष्ट सगळ्या देशांत सारखीच.

१९०३ मध्ये तिनं ‘मेलेलं मूल घेतलेली बाई’ हे चित्र केलं. त्यासाठी तिनं आरशासमोर बसून स्वतःलाच काढलं, आणि मांडीवर घेतला तो आपला धाकटा मुलगा पीटर. तो तेव्हा सात वर्षांचा होता, आणि अर्थातच ठणठणीत होता.

अकरा वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं. अठरा वर्षांच्या पीटरला सैन्यात जायचं होतं. सगळ्या देशाच्याच अंगात आलं होतं, पोरगं कसं मागे राहील? पण तो सज्ञान नव्हता, त्याला वडिलांची परवानगी लागणार होती. कार्लनं नाही म्हटलं. पीटरनं आईकडे पाहिलं, आणि आईनं नवऱ्याची समजूत काढली.

ऑक्टोबर १९१४ मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. घर सोडून त्याला महिनाही झाला नसेल.

आता ते चीनमध्ये छापलेलं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्याचं नाव ‘बलिदान’. केथेच्या ‘युद्ध’ या सात वुडकटच्या, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रांच्या मालिकेतलं ते पहिलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं. बाळ पुढे करणारी ती बाई कोण, हे वेगळं सांगायला नको. डोळे मिटलेले का, तेही.

मजा म्हणजे (मजा हा शब्द इथं जरा विचित्रच आहे) लू शुननं छापलं तेव्हा चिनी वाचकांना हे सगळं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पीटर कोण, परवानगी कुणी मिळवून दिली, काही नाही. तरी ते चित्र पोचलं.

‘एम्पथी’ हा शब्दच मुळात चित्रं बघण्यातून आलाय

समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय वाटत असेल ते अनुभवणं, याला हल्ली सगळे ‘एम्पथी’ म्हणतात. ऑफिसातल्या ट्रेनिंगपासून रील्सपर्यंत हा शब्द इतका वापरला जातो, की तो मानसशास्त्राच्या पुस्तकातून आला असावा असंच वाटतं. पण त्याचं मूळ कलेच्या चर्चेत आहे.

१८७३ मध्ये रोबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकानं ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला. अर्थ साधारण ‘आत शिरून अनुभवणं’. त्याचा प्रश्न माणसांबद्दल नव्हता, वस्तूंबद्दल होता. उंच खांब बघताना आपणही ताठ का होतो? वाकलेली फांदी काढलेली पाहिली की आपल्यालाच ओझं का जाणवतं? त्याचं म्हणणं असं, की बघणारा नकळत आपलं शरीर त्या आकारात घालून बघतो. पुढे थिओडोर लिप्स या तत्त्वज्ञानं ही कल्पना माणसांपर्यंत आणली. दुसऱ्याचा राग, दुःख आपल्याला कळतं तेही याच वाटेनं, असं त्यानं मांडलं. १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञानं त्या जर्मन शब्दासाठी इंग्रजीत ‘एम्पथी’ हा शब्द योजला.

म्हणजे आधी चित्रं-शिल्पं समजून घ्यायला शब्द सापडला, आणि मग तोच माणसं समजून घ्यायला वापरला गेला.

याच्या पुढची पायरी म्हणून मेंदूतल्या ‘मिरर न्यूरॉन्स’चं नाव घेतलं जातं. दुसऱ्याची हालचाल बघतानाही आपल्या मेंदूतल्या त्याच हालचालीच्या पेशी जाग्या होतात, म्हणून चित्रातला पिळवटलेला हात बघून आपलाही हात आखडतो, अशी मांडणी काही अभ्यासकांनी केलीय. कल्पना आकर्षक आहे. पण माणसाची सगळी कणव या पेशींनी समजावून सांगता येते असं जे फॉरवर्ड्समध्ये असतं, ते शास्त्रज्ञांमध्ये वादाचं आहे. तेव्हा ते जरा हातचं राखूनच घ्या.

आपल्याकडे याचं उत्तर हजार वर्षांपूर्वीच शोधलं जात होतं

आपल्याकडच्या पंडितांना वेगळाच प्रश्न पडला होता. शोक ही तर नको असलेली गोष्ट. मग नाटकातला करुण रस बघायला लोक तिकीट, म्हणजे त्या काळचं जे काही असेल ते, मोजून का जातात? आणि रंगमंचावरची सीता रडते तेव्हा प्रेक्षक का रडतो? सीता त्याची कोण?

काश्मीरच्या भट्टनायकानं यावर ‘साधारणीकरण’ ही कल्पना मांडली, आणि अभिनवगुप्तानं ती आणखी पुढे नेली. सोप्या भाषेत सांगायचं, तर रोजच्या जगण्यात प्रत्येक दुःखावर कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. ते माझं असतं, माझ्या माणसाचं असतं, शत्रूचं असतं किंवा ज्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही अशा कुणाचं तरी असतं. नाव वाचलं, की मनातलं गणित सुरू होतं. हा आता पैसे मागेल का? यात माझी काही चूक आहे का? मी काही करायला हवं होतं का? हा आपल्यातला की त्यांच्यातला?

कलेत दुःखावरचं ते नाव पुसलं जातं. शोक उरतो, पण तो ‘अमक्याचा’ राहत नाही. त्यामुळे बघणाऱ्याला ढाल पुढे करावी लागत नाही, आणि ढाल खाली आली की तो त्या दुःखाजवळ थोडा वेळ थांबू शकतो. अशा थांबू शकणाऱ्या माणसासाठी जुना शब्द आहे ‘सहृदय’. आपण तो हल्ली निमंत्रणपत्रिकेत वापरतो. मूळ अर्थ ‘ज्याचं हृदय समोरच्याच्या हृदयासारखंच हलतं तो’.

रोउ शीच्या बाबतीत हेच घडलं. त्या चित्रातल्या बाईला गाव नाही, देश नाही, अंगावर ओळख पटेल असा कपडा नाही. केथेनं जे जे काढून टाकलं, त्या रिकाम्या जागेत चिनी वाचकाला आपली माणसं ठेवता आली.

केथेच्या त्याच मालिकेत ‘आईवडील’ नावाचं चित्र आहे. गुडघे टेकलेली दोन माणसं एकमेकांत इतकी मिसळलीत, की एक काळा ढीगच दिसतो. दोघांचेही चेहरे झाकलेले. रडणारा चेहरा दाखवला असता तर आपण ‘बिच्चारे’ म्हणून मोकळे झालो असतो. चेहरा नसल्यामुळे तो आपल्याला मनात काढावा लागतो, आणि मनात काढायचा तर तो आपल्या ओळखीच्याच कुणाचा तरी येतो.

पण कधीकधी नाव लिहिणंच गरजेचं असतं

आता याच्या अगदी उलटं उदाहरण बघू, आणि तेही आपल्याच देशातलं.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ. बळींचा आकडा ३० लाखांपर्यंत सांगितला जातो. ३० लाख! हा आकडा वाचून काय होतं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. आकडा जितका मोठा, तितकं मन बधिर होतं. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञानं यावर बराच अभ्यास केलाय. एका माणसासाठी माणूस धावतो, हजारोंसाठी मात्र हात वर करतो.

तेव्हा २८ वर्षांचा असलेला चित्तप्रसाद भट्टाचार्य हा चित्रकार नोव्हेंबर १९४३ मध्ये मिदनापूर जिल्ह्यात गेला आणि दुष्काळी गावांतून फिरला. सोबत कागद आणि शाई. तो नुसती ‘भुकेली माणसं’ काढत नव्हता. हा कोण, कुठल्या गावचा, याचं काय झालं, हे तो विचारायचा आणि चित्रासोबत नोंदवायचा. या चित्रांचं आणि नोंदींचं ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक निघालं. इंग्रज सरकारनं त्याच्या ५ हजार प्रती जप्त करून जाळल्या.

एक प्रत चित्तप्रसादच्या घरच्यांकडे राहिली, म्हणून ते पुस्तक २०११ मध्ये जसंच्या तसं पुन्हा छापता आलं.

विचार करा, सरकारला कशाची भीती वाटली असेल? दुष्काळ तर लपलेला नव्हता, कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरून पडत होती. पण आकड्याला उत्तर देता येतं. पाऊस, युद्ध, साठेबाजी अशी कारणं पुढे करता येतात. नाव-गाव असलेल्या माणसानं थेट डोळ्यांत पाहिलं की तशी सबब सांगता येत नाही. केथेनं नाव पुसलं, कारण तिला दुःख सगळ्यांचं करायचं होतं. चित्तप्रसादनं नाव लिहिलं, कारण त्याची माणसं आधीच आकडा होऊन बसली होती आणि त्यांना पुन्हा माणूस करायचं होतं. कुठला मार्ग कधी घ्यायचा, हे ओळखण्यातच चित्रकाराची कसोटी.

आणि हे दोन मार्ग एकमेकांना अनोळखीही नव्हते. लू शुननं १९३१ मध्येच शांघायमध्ये तरुणांसाठी वुडकटचा छोटा वर्ग भरवला होता, त्यातून चीनमध्ये लाकडी ठशांची चळवळच उभी राहिली. चित्तप्रसाद आणि सोमनाथ होर या दोघांच्या कामाबद्दल लिहिताना अभ्यासकांना कोल्विट्झची आणि त्या चिनी ठशांची आठवण हमखास येते. चित्तप्रसाद पुढे १९४६ पासून मुंबईत राहिला. अंधेरीतल्या एका छोट्याशा जागेत त्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं काढली आणि राबणाऱ्या मुलांवर लिनोकट केले. बर्लिन ते शांघाय ते बंगाल ते अंधेरी असा हा प्रवास. अंधेरीत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

हे सगळं मोजता येतं का?

काही प्रमाणात. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात २०११ मध्ये ‘क्रिस्टल ब्रिजेस’ नावाचं कलासंग्रहालय सुरू झालं. सहलीसाठी इतक्या शाळांचे अर्ज आले, की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. अर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी ही संधी साधली. नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या शाळांमधल्या जवळपास ११ हजार मुलांची त्यांनी तुलना केली. एकदाच, तेही अर्ध्या दिवसाची सहल. पण जाऊन आलेल्या मुलांमध्ये दुसऱ्या काळातले लोक कसे जगत असतील याची कल्पना करण्याची क्षमता आणि वेगळ्या मताबद्दलची सहनशीलता थोडी जास्त आढळली. फरक एकूणात लहान होता. खेड्यांतल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांमध्ये मात्र तो चांगलाच वाढलेला दिसला. ज्यांना एरवी हे बघायलाच मिळत नाही, त्यांना जास्त फायदा. यात नवल नाही.

येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन या त्वचारोगाच्या प्राध्यापकानं वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभं केलं. चित्राचा अर्थ नंतर सांगा, आधी काय दिसतंय तेवढंच सांगा, अशी अट. या विद्यार्थ्यांचं रुग्णाच्या फोटोंमधलं निरीक्षण सुधारल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. निरीक्षण म्हणजे कणव नव्हे, हे खरं. पण न बघताच कुणाची कणव येईल, हे तरी कसं शक्य आहे?

दुसरी बाजूही ऐकून घ्या

कला बघणारा माणूस चांगलाच होतो, असं कुणी सांगितलं तर त्याला हर्मन गोअरिंगचं नाव सांगा. हिटलरचा हा उजवा हात युरोपभरातून लुटलेल्या उत्तमोत्तम चित्रांचा शौकीन होता. चित्रांचं प्रेम आणि माणसांची कत्तल एकाच डोक्यात सुखानं नांदू शकतात.

दुसरा धोका जास्त बारीक आहे. १९९३ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या ‘नॉये वाखे’ या स्मारकात केथेचं ‘मेलेल्या मुलाला घेतलेली आई’ हे शिल्प मोठं करून बसवलं. मूळ शिल्प जेमतेम दीड वीत. स्मारक अर्पण केलं ‘युद्ध आणि जुलमाच्या बळींना’. लगेच वाद पेटला. बळी म्हणजे नेमके कोण? छळछावणीत मेलेले ज्यू, आणि लढाईत मेलेले नाझी सैनिक, एकाच आईच्या मांडीवर? दुःखावरचं नाव पुसलं की ते सगळ्यांचं होतं हे खरं. पण मग मारणारा आणि मरणारा यांच्यातली रेघही पुसली जाऊ शकते. टीका करणाऱ्यांच्या म्हणण्यात दम होता. चित्र पाहून गहिवरणं हे ‘कुणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर नसतं.

मग फोनवर बघतो ते काय?

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. सरासरी २७ सेकंद. तिकीट काढून, जगातली सर्वोत्तम चित्रं समोर असताना! मग स्क्रोल करताना किती, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

फोनवरच्या फोटोत ताकद नसते असं मुळीच नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या सीरियन बाळाच्या फोटोनं जग हादरलं. स्वीडनच्या रेड क्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी येणारी रोजची देणगी त्या आठवड्यात सरासरी ५५ पट झाली. काही आठवड्यांत ती पुन्हा खाली आली. मात्र त्या भरात ज्यांनी दरमहा देणगीसाठी नाव नोंदवलं होतं, त्यातले बहुतेक टिकले. हळहळ वाटते तो काळ छोटा असतो. त्यात हातून काही झालं तर झालं.

चित्राचा फायदा वेगळा आहे, ते तुमच्या हातून निसटत नाही. हार्वर्डच्या जेनिफर रॉबर्ट्स या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसवतात. पोरं आधी वैतागतात. पण डोळ्यांसमोर असलेल्या काही गोष्टी दिसायलाच मुळात वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं.

तीन तास कुणाकडे नाहीत, पण दहा मिनिटं काढता येतात. केथेचं शेवटचं ठसाचित्र इंटरनेटवर सहज सापडतं. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिनं ते केलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, की पेरायचं बियाणं दळायचं नसतं. शेतकऱ्याच्या घरात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. १९४२ मध्येच तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचं नाव काकावरून ठेवलं होतं, पीटर.

चित्रात एक म्हातारी बाई आहे. तिनं आपले दोन्ही हात पंखासारखे पसरून पोरांना अंगाखाली घेतलंय. पहिल्यांदा नजर तिच्या चेहऱ्यावर जाते. मग तिच्या हातांवर, ते शेतात राबलेल्या माणसाचे असावेत इतके मोठे आहेत. बऱ्याच वेळानं लक्ष पोरांकडे जातं. ती घाबरलेली नाहीत. त्यातलं एक तिच्या हाताखालून डोकं काढून मिश्कीलपणे बाहेर बघतंय, कधी एकदा सटकतो असं त्याला झालंय.